पत्र्याआडचे काम

गुलालवाडी आणि किका स्ट्रीटच्या पेढ्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा किलोच्या भावाने विकला जातो. गेज ठरले, मिश्रधातूचा क्रमांक ठरला, लांबी-रुंदी ठरली की काटा आणि बिल यांपलीकडे व्यापाऱ्याचा त्या मालाशी संबंध उरत नाही. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथून रोज सकाळी लोकलने या बाजारात येणाऱ्या कित्येक कुटुंबांच्या पिढ्या धातूच्या व्यापारावर उभ्या राहिल्या. तरीही विकलेला पत्रा पुढे कोणाच्या हाती पडला आणि त्याचे काय झाले, हे पेढीवर क्वचितच कळते. बहुतेक माल खिडक्या, फलक, डबे आणि यंत्रांची आवरणे यांत जातो. थोडासा माल मात्र अशा माणसांकडे जातो, जी स्वतःच्या हातांनी वाहन बांधायला निघालेली असतात. त्या थोड्याशा मालाची हकीकत व्यापारी कुटुंबांनी जाणून घ्यावी अशी आहे. कारण तिच्यात पेढीच्या शब्दालाही मोल आहे.

सुट्या भागांची गाडी

ज्या मोटारीचे भाग संचाच्या रूपाने मिळतात आणि ग्राहक ती आपल्या घरी जोडतो, तिला ‘किट कार’ असे नाव आहे. या प्रकाराला खरी प्रतिष्ठा मिळाली ती इंग्लंडात. कॉलिन चॅपमन या तरुण अभियंत्याने १९५२ साली लंडनच्या हॉर्न्सी भागात, वडिलांच्या हॉटेलामागील तबेल्यात, लोटस कंपनीचा संसार मांडला. १९५७ साली त्याने ‘सेव्हन’ ही दोन आसनांची मोटार आणली. लोखंडी नळ्यांचा हलका सांगाडा आणि त्यावर रिवेटने बसवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, अशी तिची साधी रचना होती. तयार मोटारीवर त्या देशात खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून ग्राहक संच घेत आणि घरामागच्या शेडमध्ये गाडी जोडत. जोडणीच्या सूचना दिल्यास करसवलत जाई, म्हणून कंपनी गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना देई आणि ग्राहक त्या उलट्या क्रमाने वाचत, असे सांगतात. १९७३ साली तेथे मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि ती गाडी आजही बांधली जाते.

सुटे भाग आणून जोडण्याचा हा मार्ग आपल्याकडेही नवा नाही. सोलापूरच्या दोशी कुटुंबातील वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरू येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. तेथून १९४१ साली उडालेले पहिले विमान हार्लो जातीचे, पूर्ण धातूचे प्रशिक्षण विमान होते आणि ते अमेरिकेहून आलेल्या भागांतून जोडलेले होते. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या मोटारींचे भाग पेट्यांतून येत आणि कुर्ल्याचे कामगार ते जोडत. पुढे त्याच कारखान्यात फियाट आणि पद्मिनी आकाराला आल्या. जोडता जोडता घडवायला शिकायचे, ही त्या पिढीची रीत होती.

अलीकडच्या काळात अलिबागच्या परिसरात चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या धाटणीची रोडस्टर बांधली. तिचे अंग मात्र फायबरग्लासचे आहे. पत्र्याऐवजी साच्यातून काढलेले अंग वापरले की बरीचशी कटकट वाचते. मग हाताने पत्रा बसवणारा माणूस ती कटकट का पत्करतो? एकच गाडी बांधायची असेल तर साचा परवडत नाही, हे पहिले कारण. दुसरे कारण असे की पत्रा ही प्रत्यक्ष शिकण्याची वस्तू आहे. साच्यातून निघालेले अंग जसे आले तसे स्वीकारावे लागते; पत्र्याची मात्र प्रत्येक कड, प्रत्येक वाक आणि प्रत्येक छिद्र माणसाला स्वतः ठरवावे लागते.

चारकोपची गच्ची

मुंबईच्या उपनगरांत हाताने पत्रा बसवण्याच्या कामाचे सर्वांत ठळक उदाहरण मोटारीचे नाही, विमानाचे आहे. बोरिवलीच्या अलीकडे, कांदिवलीतील चारकोप येथे, कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे, एका इंजिनाचे विमान बांधले. ते जेट एअरवेजमध्ये विमान चालवीत आणि सुट्टीच्या वेळात गच्चीवर स्वतःचे विमान घडवीत. आधीच्या दोन प्रयत्नांनंतरचे हे तिसरे विमान. त्याचे नाव टीएसी-००३.

फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा हे विमान लोकांनी प्रथम पाहिले. गच्चीवर जे जोडले होते ते आधी सुटे करावे लागले आणि त्याचे भाग क्रेनने खाली उतरवावे लागले. धातूच्या पत्र्याने मढवलेले ते अंग आणि त्यावरील रिवेटच्या रांगा पाहण्यासाठी गर्दी लोटली.

त्यानंतरचा प्रवास अधिक बोलका आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे या विमानाची नोंदणी झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे प्रदर्शनानंतर एकवीस महिन्यांनी. उड्डाण चाचणीचा परवाना मिळाला तो ऑक्टोबर २०१९ मध्ये. तोवर जेट एअरवेजची उड्डाणेही एप्रिल २०१९ पासून थांबली होती. चाचणीची उड्डाणे झाली ती २०२० साली, धुळ्याच्या धावपट्टीवर. प्रदर्शनाच्या मैदानातून आकाशात जायला चार वर्षांहून अधिक काळ लागला. विमान डोळ्यांसमोर उभे होते. तरीही ते कसे बांधले आहे याची खात्री पटवून देणे हे ते बांधण्याइतकेच दीर्घ काम ठरले. पत्रा एकदा बंद झाला की त्याच्या आत काय आहे हे कोणालाच दिसत नाही. मोटार असो वा विमान, या कामातील सगळी अवघड बाब येथेच आहे.

पुठ्ठ्यापासून पत्र्यापर्यंत

ॲल्युमिनियम आपल्या घरांत ‘जर्मन’ या नावाने आले. जर्मनचे पातेले हलके आणि स्वस्त, पण चेपणारे. त्यामुळे हा धातू नरम आणि सोपा, असा समज घरोघर रुजला. पत्र्याचे काम करणारा हा समज पहिल्याच आठवड्यात सोडून देतो. आठ बाय चार फुटांचा, १.२ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे १८ गेजचा ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे साडेनऊ किलो भरतो. तेवढाच पोलादी पत्रा २८ किलोंच्या घरात जातो. हलकेपणाचा हा लाभ मोठा आहे. पण पोलाद ज्या चुका पोटात घालते, त्या ॲल्युमिनियम घालत नाही. पोलादातील चुकलेले छिद्र वेल्डिंगने भरून घासता येते. पातळ ॲल्युमिनियमला तसे डाग देणे कसबी हाताचे काम आहे. बहुधा पत्राच बदलावा लागतो.

म्हणून जाणता बांधणारा पत्र्याला हात लावण्याआधी पुठ्ठ्याला हात लावतो. सांगाड्यावर पुठ्ठा धरून नमुना कापायचा, नळ्यांच्या वळणांशी तो जुळवायचा, जुळला नाही तर फेकून दुसरा कापायचा. खोक्याच्या पुठ्ठ्याला किंमत नसते, म्हणून चुका तेथेच करून घ्यायच्या. नमुना बिनचूक झाला की तो पत्र्यावर उतरवायचा. रेघ ओढताना टोकदार सुईचा ओरखडा फक्त कापायच्या कडेवर चालतो. वाकाच्या ठिकाणी ओढलेला ओरखडा पुढे तडा होतो. शिसपेन्सिलही टाळतात, कारण तिच्यातील ग्राफाइट ॲल्युमिनियमला गंज धरण्यास मदत करते. विमानांच्या कामात तर तिला मज्जावच असतो. बारीक टोकाचा मार्कर बरा. पत्र्यावरचे प्लॅस्टिकचे पातळ आवरण शेवटपर्यंत काढत नाहीत, नाहीतर कामाच्या टेबलावरचा प्रत्येक कण त्यावर रेघ उमटवतो.

कापण्याचे आणि वाकवण्याचे काम अनेकदा बाहेर दिले जाते. साकीनाका, मरोळ, वसई येथील गाळ्यांत पत्रा कापण्याची आणि फोल्डिंगची यंत्रे आहेत. तेथे पत्रा नेताना तो कोणत्या मिश्रधातूचा आहे हे सांगावे लागते, कारण वाकाची त्रिज्या त्यावर ठरते. ५०५२ हा मिश्रधातू सहज वाकतो आणि समुद्राच्या हवेतही चांगला टिकतो. कडक केलेला ६०६१ मजबूत असतो, पण चिंचोळ्या वाकात तडकतो. ११०० अतिशय नरम. तो वाकतो तितक्याच सहजपणे चेपतो. विमानात वापरला जाणारा २०२४ याहून बळकट, पण गंजाला लवकर बळी पडणारा. म्हणून त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. डोळ्यांना हे चारही पत्रे सारखेच दिसतात. वरचा शिक्का पुसला गेला की फरक सांगणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पेढीचा शब्द.

चाकांवरच्या कमानीसारखा गोलवा हवा असेल तर वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीने पत्रा घडवावा लागतो. ठोकता ठोकता धातू कडक होतो आणि पुढे ऐकेनासा होतो. मग त्याला तापवून नरम करायचे. येथे जुन्या कारागिरांची एक युक्ती उपयोगी पडते. लोखंड लाल होऊन आपले तापमान सांगते. ॲल्युमिनियम लाल न होताच ६६० अंशांना वितळून खाली बसते. म्हणून पत्र्यावर साबणाची रेघ ओढतात आणि मागून आच देतात. रेघ तपकिरी-काळी पडली की आच बंद करतात. कपडे धुण्याची वडी तेथे तापमापकाचे काम करते.

छिद्रांचे काम सर्वांत संयमाचे. एक सूत, म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडीच्या रिवेटला सुमारे ३.३ मिलिमीटरचे छिद्र लागते. छिद्राचा मध्य कडेपासून निदान दोन सूत आत असावा, नाहीतर ओढ बसताच कड फाटते. दोन रिवेटांत निदान तीन सुतांचे अंतर हवे. मोटारीच्या अंगावर साधारण ५० मिलिमीटरवर एक रिवेट चालतो. बाजूचा एक पत्रा १२०० बाय ५०० मिलिमीटरचा धरला तर त्याचा परिघ ३४०० मिलिमीटर होतो आणि त्या एकट्या पत्र्याला ६८ रिवेट लागतात. पूर्ण गाडीत ही संख्या शेकड्यांनी जाते. प्रत्येक छिद्राला पंचाने खूण करायची, ड्रिल मारायचे, मग पत्रा पुन्हा काढून छिद्राच्या दोन्ही बाजूंची बर साफ करायची. बर राहिली तर पत्रा सांगाड्यावर सपाट बसत नाही आणि रिवेट पहिल्या दिवसापासूनच सैल असतो.

पत्रा बसवताना सुरुवात मधून होते आणि काम कडांकडे सरकते. एका कोपऱ्यातून निघाल्यास शेवटच्या कोपऱ्यात फुगवटा साचतो. आधी तात्पुरत्या पिना किंवा नट-बोल्ट लावून सगळा पत्रा जागेवर धरायचा, दूर उभे राहून कड आणि फट पाहायची आणि मगच रिवेट ओढायचा. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा ४० अंशांनी तापला तर १२०० मिलिमीटर लांबीत तो सुमारे एक मिलिमीटर वाढतो. खालचे पोलाद त्याच्या निम्मेच वाढते. या ओढाताणीला जागा ठेवली नाही तर पहिल्याच उन्हाळ्यात पत्रा लाटेसारखा उठतो.

समुद्राची हवा

इंग्लंडातील पुस्तके वाचून गाडी बांधणाऱ्याला मुंबईत एका गोष्टीचा वेगळा विचार करावा लागतो. ती गोष्ट म्हणजे येथील हवा. सांताक्रूझच्या वेधशाळेत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो आणि उरलेल्या महिन्यांत समुद्रावरून खारट दमटपणा येत राहतो. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकले आणि मध्ये खारे पाणी आले, की तेथे एक लहानशी विद्युतघटमाला तयार होते. तिच्यात झीज सोसावी लागते ती ॲल्युमिनियमला. पांढरी भुकटी दिसू लागते, ती पत्र्याच्या मागून सुरू होते, आणि बाहेरून कळेपर्यंत कड पोखरून गेलेली असते.

यावर उपाय आहेत आणि ते सगळे पत्रा बंद होण्याआधीचे आहेत. सांगाड्याला गंजरोधक प्रायमर आणि रंग आधीच द्यायचा. पत्र्याची मागची बाजूही प्रायमरने झाकायची. दोन धातूंच्या मध्ये पॉलियुरेथेन सीलंटची सलग रेघ ओढायची. ती पाणी अडवते, दोन्ही धातू वेगळे ठेवते आणि उन्हातली ओढाताणही सोसते. साध्या पॉप रिवेटची खीळ पोलादाची असते. रिवेट ओढल्यावर तिचा तुकडा आत राहतो आणि पहिल्या पावसात तांबूस ओघळ काढतो. म्हणून पूर्ण ॲल्युमिनियमचा किंवा बंद तोंडाचा रिवेट घेतात. खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी लहान छिद्रे ठेवतात. ड्रिलचा कीस आत राहू देत नाहीत.

यांतील एकही गोष्ट तयार गाडीवर दिसत नाही. प्रायमर न लावता, सीलंट न भरता, बर न काढता बसवलेला पत्रा पहिल्या दिवशी तितकाच चकचकीत दिसतो. फरक पडतो तो तिसऱ्या किंवा चौथ्या पावसाळ्यात, आणि पत्रा चालकाच्या पायाखालचा असेल तर तो फरक केवळ शोभेचा राहत नाही.

शेवटचा हात

बाहेरचे सौंदर्य ही या कामाची शेवटची पायरी आहे. ज्यांना धातूचा स्वाभाविक रंग आवडतो ते एकाच दिशेने पॉलिश पेपर फिरवून रेशमी रेघ काढतात किंवा मसाल्याने आरशासारखी चकाकी आणतात. ही चकाकी मुंबईत फार काळ टिकत नाही. ती पुन:पुन्हा आणावी लागते. येथे एक पथ्य काटेकोर पाळावे लागते. जो ब्रश किंवा घासायचे चाक पोलादावर वापरले आहे ते ॲल्युमिनियमला लावायचे नाही. पोलादाचे सूक्ष्म कण मऊ धातूत रुतून बसतात आणि महिन्याभरात गुळगुळीत पृष्ठावर गंजाचे ठिपके उमटतात. कानसही वेगळी ठेवतात. तिच्या दात्यांत ॲल्युमिनियम भरू नये म्हणून तिला खडू फासतात.

रंग द्यायचा असेल तर अडचण निराळी. ॲल्युमिनियम उघडे पडताच हवेशी संयोग पावून त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. हाच थर धातूला जपतो आणि हाच थर रंगाला धरू देत नाही. म्हणून पृष्ठ खरवडायचे, तेलकटपणा पुसून काढायचा आणि त्याच दिवशी ॲल्युमिनियमसाठीचा प्रायमर द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रायमर देऊ म्हणून सोडलेला पत्रा पुन्हा घासावा लागतो. खोलगट जागी लांबी भरता येते, पण चांगला कारागीर लांबी कमीत कमी वापरतो. जाड लांबी हादऱ्यांनी तडकते, आणि तिच्याखाली काय झाकले होते हे मग सगळ्यांनाच दिसते. रंगाचे काम उपनगरांत सहसा दिवाळीनंतर ते होळीपर्यंत काढतात. पावसाळी दमट हवेत रंगावर दुधाळ झाक येते आणि केलेली मेहनत वाया जाते.

वही आणि कायदा

बंद पत्र्याआडच्या कामाची साक्ष कोण देणार? जगभर घरी विमाने बांधणाऱ्यांनी याचे उत्तर नोंदवहीत शोधले आहे. पंखाची किंवा अंगाची पोकळी बंद करण्याआधी जाणत्या माणसाकडून आतील काम पाहून घ्यायचे, छायाचित्रे काढायची, तारीख घालायची, आणि मगच शेवटचा रिवेट ओढायचा. कोणता पत्रा, कोणत्या बिलाने आलेला, कोणत्या क्रमांकाच्या मिश्रधातूचा. कोणते रिवेट, किती लांबीचे. कोणते छिद्र चुकले आणि ते कसे सुधारले. हे सारे तिथे लिहिलेले असते. चुकीची नोंद लपवणारी वही कामाची नसते. व्यापारी कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. रोजमेळ आणि खतावणी यांची शिस्त ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, तेथे लिहिलेल्या ओळीचे वजन ठाऊक असते.

मोटारीच्या बाबतीत मात्र वही पुरेशी होत नाही. आपल्या देशात नव्या वाहनाला रस्त्यावर येण्यासाठी नमुना-चाचणीची पायरी ओलांडावी लागते. पुण्याची एआरएआय ही अशी चाचणी करणारी प्रमुख संस्था. हा मार्ग कारखानदारासाठी आखलेला आहे. एकच गाडी बांधणाऱ्या गृहस्थाला त्याचा खर्च झेपत नाही. जुन्या गाडीच्या नोंदणीवर नवे अंग चढवावे, ही पळवाटही बंद आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील बदलांना मर्यादा घालते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा स्पष्ट केली. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२१ साली स्वतंत्र नोंदणी आली, तीही सांगाडा, अंग आणि इंजिन मूळ रूपात राखणाऱ्यांसाठीच. तेव्हा घरी बांधलेल्या गाडीचे स्थान सध्या खासगी मैदानावर, बंदिस्त ट्रॅकवर किंवा प्रदर्शनात आहे. ज्याने पैसा आणि सुट्ट्या यात घालायच्या ठरवल्या आहेत, त्याने हे पहिला पत्रा विकत घेण्याआधी समजून घ्यावे. नाहीतर पाच वर्षांनी निराशा पदरी येते.

तरुणांसाठी मात्र एक खुली वाट आहे. विद्याविहारच्या के. जे. सोमैया अभियांत्रिकी महाविद्यालयातील ‘ओरायन रेसिंग इंडिया’, विलेपार्ल्याच्या द्वारकादास जे. संघवी महाविद्यालयातील ‘डीजेएस रेसिंग’ आणि पवईच्या आयआयटीतील ‘आयआयटी बॉम्बे रेसिंग’ हे विद्यार्थ्यांचे संघ फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांसाठी स्वतः मोटारी बांधतात. तेथे गाडी वेगाने पळणे हा परीक्षेचा एक भाग असतो. त्याआधी परीक्षक गाडी तपासतात, चालक आणि इंजिन यांच्यामधील संरक्षक भिंत पाहतात, खर्चाचा हिशेब मागतात आणि प्रत्येक निर्णयाचे कारण विचारतात. ‘असेच बरे दिसले’ हे उत्तर तेथे चालत नाही. बीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींना पत्र्याआडच्या कामाचा जाब द्यायला शिकवणारी अशी जागा घराजवळ असणे, ही उपनगरांची मोठी जमेची बाजू आहे.

व्यापारी घरातील मुलगा किंवा मुलगी हातांनी काही बांधू इच्छिते, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या मनात सहज प्रश्न येतो की यातून मिळणार काय. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर रुपयांत लगेच देता येत नाही. चारकोपच्या विमानामागे वर्षानुवर्षांची कमाई आणि कुटुंबाची साथ होती, हेही विसरता येत नाही. तरी गाळ्याचा एक कोपरा, दोन पत्रे आणि एक कोरी वही एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. पहिला पत्रा बहुधा बिघडतो, त्याची किंमत साडेनऊ किलोंच्या भावाइतकीच असते. भंगारात तो पुन्हा किलोनेच विकला जातो, कारण ॲल्युमिनियम कितीदाही वितळवून नव्याने वापरता येते.

आणि पेढीवर बसणाऱ्याचा वाटाही लहान नाही. ५०५२ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ५०५२च द्यावा, कारखान्याचे चाचणी-प्रमाणपत्र मागितल्यास बिलासोबत जोडावे, आणि माल नसेल तर नाही म्हणून सांगावे. बदलून दिलेला पत्रा काट्यावर तितकाच भरतो आणि गिऱ्हाइकाला त्या दिवशी काहीच कळत नाही. तो वाकाच्या रेषेवर तडकतो तेव्हा बांधणारा स्वतःच्या हाताला दोष देतो. एखाद्याच्या वहीत मात्र त्या पत्र्यासमोर बिलाचा क्रमांक आणि पेढीचे नाव लिहिलेले असते.